सल्ला: खिशात मावेल असं पिस्तूल घेऊ का?

प्रश्न: सराफ्यात आमचं लहानसं वडिलोपार्जित दुकान आहे. रात्री दुकान वाढवून स्कूटरवरून थाटीपूरला घरी येतो. सोबत रोकड असते, कधी गिऱ्हाइकाचा मालही असतो. मागच्या महिन्यात शेजारच्या दुकानदाराची बॅग दोघा मोटरसायकलवाल्यांनी ओढून नेली, तेव्हापासून घरचे मागे लागलेत. मुरैन्याचे मेहुणे म्हणतात, एक छोटं पिस्तूल खिशात ठेवा, कागदबिगद नंतर बघू. ह्यूस्टनचा आतेभाऊ म्हणतो, .२२, .२५, .३२ ही सगळी खेळणी आहेत, ९ एमएमच्या खाली हात लावू नकोस. बायकोला सरकारी कारखान्याचं ते हलकं .२२ रिव्हॉल्व्हर पसंत आहे, म्हणजे तिलाही वापरता येईल. अण्णांची (वय ७४) परवान्याची दुनाळी बंदूक कपाटात पडून आहे. मुलगा बारावीला आहे. काय करू?
— एक सराफ, लश्कर (ग्वाल्हेर)

नमस्कार.

मेहुण्यांचा सल्ला आधी निकालात काढू, कारण तोच सगळ्यात महागात पडेल. परवाना नसताना हत्यार खिशात असेल तर ‘नंतर’ येतच नाही. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून साधं, प्रतिबंधित नसलेलं हत्यारही विनापरवाना सापडलं तर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, वर दंड. तेच जर ९ एमएमचं निघालं तर प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप, .३२ सारखं इंचात नाहीतर ९ एमएमसारखं मिलिमीटरमध्ये) म्हणून शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. शिवाय आपल्या भागात ‘इम्पोर्टेड’ म्हणून जे हातात टेकवतात, त्यावर ‘मेड इन इटली’ असा ठसा ठोकलेला असतो आणि नळी कुठल्या पाइपाची आहे ते ठोकणाराही सांगू शकत नाही. फुटलं तर तुमच्याच हातात फुटेल. मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि जेवायचा विषय काढा.

आतेभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण तो टेक्सासात बसून बोलतोय, तिथे दुकानात जाऊन ९ एमएम घेता येतं. आपल्याकडे लष्कर आणि पोलीस जी काडतुसं वापरतात, त्या बोअरचं हत्यार सामान्य माणसाला मिळत नाही. त्यामुळे ९ एमएम, .४५ वगैरे बाद. परदेशी हत्यारांची आयातही १९८० च्या दशकापासून तुमच्या-माझ्यासाठी बंद आहे, म्हणून कुणाच्या आजोबांचं वेब्ली किंवा ब्राउनिंग विकायला निघालं की लाखांत जातं. खिशात मावेल असं हत्यार म्हणाल तर मुख्यतः .२२, .२५ आणि .३२ एवढंच हाती उरतं. म्हणजे ‘लहान बोअर की मोठं’ हा वाद आपल्याकडे सरकारनेच मिटवून टाकलाय. प्रश्न असा राहतो की जे मिळतं ते तुमच्या कामाचं आहे का.

थोडे आकडे सांगतो. गोळीचा जोर ज्यूलमध्ये मोजतात. .२५ च्या गोळीत साधारण ९० ज्यूल असतात. .२२ खिशातल्या आखूड नळीतून सुटली की जवळपास तेवढेच किंवा किंचित जास्त. .३२ पिस्तुलात सुमारे १७०, आणि आतेभावाच्या ९ एमएममध्ये ४८० च्या आसपास. आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलाच्या .३२ पेक्षा वेगळं, लांब असतं आणि जोर त्याहून थोडा कमीच असतो. दुकानात दोघांनाही ‘बत्तीस’ म्हणतात, म्हणून काडतुसं घेताना हत्यार कोणतं ते आधी सांगायचं. एकाचं दुसऱ्यात घालून बघायचं नाही.

ग्रेग एलिफ्रिट्झ नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने वर्षानुवर्षं गोळीबाराच्या घटना जमवल्या. जवळपास १८०० माणसांना लागलेल्या गोळ्यांचा हिशेब त्याने २०११ मध्ये मांडला. .२२, .२५ आणि .३२ या तिन्हींमध्ये गोळ्या लागूनही जे थांबलेच नाहीत त्यांचं प्रमाण तीस ते चाळीस टक्के आलं. .३८० पासून वर गेलं की तेच सतरा टक्के किंवा त्याहून कमी. हा काही प्रयोगशाळेतला निकाल नाही, प्रत्येक घटना वेगळी असते, पण कल कुठे आहे ते दिसतं. आतेभाऊ इथे बरोबर आहे.

.२२ ची आणखी एक खोड. तिची पेट घेणारी पूड काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेली असते. ती एखाद्या जागी कमी बसली आणि घोडा नेमका तिथेच पडला, तर नुसतं ‘टक्’. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन हत्यार-रचनाकाराने १९०५ च्या सुमारास .२५ काढलं त्यामागे हेच एक कारण होतं: जोर फारसा वाढवायचा नव्हता, खिशातलं हत्यार वेळेला भरवशाने उडायला हवं होतं.

पण मोठ्या बोअरवरही फार भिस्त ठेवू नका. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो. खऱ्या हातपिस्तुलाने असं होत नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामीला एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या लोकांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी दंडातून छातीत गेली, ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयने मापदंड बदलले: गोळी जिलेटिनमध्ये (चाचणीसाठी अंगातल्या मांसाऐवजी वापरतात तो गोळा) किमान बारा इंच तरी शिरलीच पाहिजे. त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलंय की हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचा प्राणवायू शिल्लक असतो, आणि ठरवलेला माणूस तेवढ्या वेळात बरंच काही करू शकतो.

म्हणून लहान पिस्तुलाने जीव जात नाही असं समजायचं का? ते निदान ग्वाल्हेरात तरी कुणी म्हणू नये. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात वापरलेलं बेरेटा पिस्तूल इथूनच मिळवलेलं होतं. ते .३८० चं होतं, कोटाच्या खिशात सहज जाणारं. १९१४ साली साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेलं ब्राउनिंगही त्याच बोअरचं. दोन्हीकडे मारणारा आधीपासून तयारीत होता, अगदी जवळून झाडलं, आणि समोरच्याला काही करता यायच्या आत काम झालं. खिशातलं पिस्तूल या कामाला उत्तम. तुम्ही मात्र बरोबर उलट्या बाजूला उभे आहात. जागा आणि वेळ ते दोघं ठरवणार, पहिली हालचाल त्यांची असणार, आणि तुम्हाला कळेल तेव्हा बॅगेचा पट्टा ताणलेला असेल. माझा नकार बोअरसाठी नाही, यासाठी आहे.

रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. बाडा, इंदरगंज, पडावचा पूल, पुढे थाटीपूर. उजवा हात ॲक्सिलरेटरवर. पिस्तूल पँटच्या उजव्या खिशात. स्कूटरवर बसलं की खिसा मांडीशी दुमडतो. उभं असताना जिथे अख्खा हात जातो, तिथे बसल्यावर दोन बोटंही धड जात नाहीत. विश्वास नसेल तर आज दुकान वाढवल्यावर किल्ल्यांचा जुडगा त्या खिशात ठेवा, स्कूटरवर बसा, हेल्मेट घाला, बॅग पायाशी ठेवा आणि एका हाताने जुडगा काढून बघा. पोराला घड्याळ लावायला सांगा. जानेवारीत जाकीट आणि हातमोजे घालून पुन्हा करा.

१९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस टूलर या पोलीस अधिकाऱ्याने असंच घड्याळ लावलं होतं. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत सुटला तर दीड सेकंदात अंगावर येतो, आणि कंबरेच्या उघड्या होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल काढून गोळी झाडायला सरावलेल्या पोलिसालाही साधारण तितकाच वेळ लागतो. तो पोलीस उभा होता, त्याला काय होणार ते माहीत होतं, आणि त्याच्या पुढे म्हैस आडवी आलेली नव्हती.

त्यात पुढचा पेच: चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी मागे, गोळी भरून ठेवायची की नाही? नाही ठेवली, तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा हात लागतो, आणि दुसऱ्या हाताने तुम्ही बॅग नाहीतर हँडल धरलेलं असणार. ठेवली, तर बऱ्याच जुन्या .२५ पिस्तुलांत पडल्यावर आपोआप गोळी सुटू नये यासाठी आतली अडसर-व्यवस्थाच नसते. फुटपाथवर पडलं की कुठल्या दिशेला उडेल ते पिस्तूलच जाणे. नेमबाजीच्या रेंजवर नवख्या माणसांना मी ही चिमुकली पिस्तुलं हाताळताना पाहिलंय. मूठ इतकी लहान की करंगळी हवेत राहते. अंगठा सवयीने वर चढतो. गोळी सुटताच स्लाइड मागे येते आणि अंगठा-तर्जनीमधल्या कातडीवर दोन समांतर रेघा ओढून जाते. नंतर माणूस दुसरी गोळी झाडायला बिचकतो. मनगट ढिलं राहिलं तर रिकामं टरफल स्लाइडमध्येच उभं अडकतं. दोन इंची नळी, नेम धरायला नळीच्या टोकावर नावापुरती माशी, जड ट्रिगर: पाच पावलांवरच्या कागदावर नेम धरायलाही मेहनत लागते, आणि तीही हृदय धडधडत नसताना.

खिशाचं म्हणाल तर तो पिस्तुलाचा शत्रू. सुपारीचा चुरा, नाणी, कापसाची धूळ, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की घाम. आठवड्याला साफ करणारा माणूस लाखात एक. परवान्यासोबतच्या नियमांतही हे बसत नाही: सार्वजनिक जागी हातपिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि ताब्यात असायला हवं, कुणाला दाखवणं, रोखणं यानेही परवाना जाऊ शकतो. लग्नाच्या वरातीत हौस म्हणून हवेत झाडलंत तर २०१९ पासून तो वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्या चंबळच्या हवेत हे सांगावं लागतं.

आता कायद्याचं, कारण बहुतेकांची समजूत ‘लुटायला आला, मी मारला, संपलं’ अशी असते. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. जबरी चोरी होत असताना तो हक्क समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, हे कलम ४१ मध्ये आहे, खरं. पण कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि कलम ४३ नुसार जबरी चोरीत जिवाची, इजेची किंवा अडवून धरण्याची भीती चालू आहे तोवरच हा हक्क चालतो. आता शेजाऱ्याची घटना आठवा. बॅग ओढली, मोटरसायकल पुढे गेली. तुम्ही सावरून पिस्तूल काढेपर्यंत समोर त्यांची पाठ आहे. त्या पाठीवर गोळी झाडलीत तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही. पडावच्या पुलावर रात्री नऊला किती माणसं असतात ते तुम्हाला माहीत आहे. चुकलेली गोळी कुठेतरी जातेच, आणि .३२ ची जोर कमी असलेली गोळीही फळवाल्याच्या पोटात शिरायला पुरेशी आहे.

एक गंमत आणखी. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात. त्याच दिवसांत पन्नास हजारांवर रोकड कागदांशिवाय सापडली तर नाक्यावर पथक अडवतं. म्हणजे आचारसंहितेत पिस्तूल ठाण्यात आणि रोकड नाक्यावर. या भागात परवाना म्हणजे अर्धी गरज आणि अर्धा रुबाब, हे आपण सगळे जाणतो; २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात परवान्याच्या अर्जासोबत दहा झाडं लावल्याचे सेल्फी मागितले होते, तेव्हा निदान झाडं तरी लागली.

तुमच्या जागी मी असतो तर पिस्तुलाचे पैसे भलतीकडेच घातले असते. पहिलं, माल घरी न्यायचाच कशाला? तिजोरी दुकानात नाहीतर बँकेचा लॉकर. रोकड दुपारीच, गर्दीच्या वेळी, बँकेत. यूपीआयमुळे ती आधीच कमी झाली असेल. दुसरं, ‘ज्वेलर्स ब्लॉक’ विमा. सराफांसाठीच असतो, आणि त्यात दुकानातल्या मालाबरोबर वाटेतला मालही घेता येतो. वाटेत माल कोणाच्या ताब्यात असावा, स्कूटर चालते का, रात्रीचं चालतं का, या अटी एजंटाकडून लिहून घ्या. तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ याला अर्थ नाही. तिसरं, रोज नऊलाच निघू नका, एकटे निघू नका, बॅग खांद्याला अडकवू नका. पट्टा खांद्यात अडकला की माणूस बॅगेबरोबर फरफटतो. अशा प्रसंगांत हाडं बहुतेक त्यामुळेच मोडतात. ओढली तर जाऊ द्या. विमा त्यासाठीच.

एवढं करूनही हत्यार हवंच असेल, समजा धमक्या आल्या आहेत, तर खिशातलं पिस्तूल सोडा आणि .३२ रिव्हॉल्व्हर बघा. जोर फार नाही हे वर आलंच. पण काडतूस नाही उडालं तर परत ट्रिगर दाबला की पुढचं येतं. स्लाइड ओढणं, टरफल अडकणं ही भानगड नाही. कंबरेला, होल्स्टरमध्ये, शर्टाच्या आत. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं, वजन अर्धा किलो. आणि मग सराव. परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. तो नुसता सही-शिक्क्याचा मिळवू नका. ‘केएफ’ शिक्क्याची काडतुसं, आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची, महाग असतात, आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. सरावाला ती खर्च करणार नसाल, जपूनच ठेवणार असाल, तर रिव्हॉल्व्हरही घेऊ नका.

वहिनींना सांगा, त्यांच्या पसंतीचं ईशापूरचं ‘निडर’ रिव्हॉल्व्हर पावशेराचं आहे, आठ गोळ्या बसतात, दिसायला सुबक आहे. पण बोअर .२२, म्हणजे वरची .२२ ची रडकथा त्यालाही लागू. शिवाय परवाना ज्याच्या नावावर त्यानेच हत्यार वापरायचं. ‘तीही वापरेल’ हे कायद्याला मान्य नाही. त्यांच्या पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेवा. परवाना लागत नाही, दोन-तीन मीटरवर चालतो, चुकला तर कुणी मरत नाही. मिरची हे काही बायकी हत्यार नाही. इथून जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा कारखाना दंगल पांगवायला मिरचीचे गोळे बनवतो.

मुलाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. घरात हत्यार हाताशी असलं की घरातल्या माणसाच्या आत्महत्येचा धोका वाढतो, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बारावीचं वर्ष, निकालाचे दिवस. पोरगा हसरा असेल, असू दे. दुनाळी ‘कपाटात पडून’ आहे असं लिहिलंय ते आजच बदला: कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्याजवळ, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात.

दुनाळीचं पुढे असं. अण्णा सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणजे ते हयात असतानाच ती वारसाच्या नावावर करता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. अर्ज कलेक्टर कचेरीत, अण्णांच्या संमतीपत्रासह. परवाना तुमचा वेगळा निघेल, पोलीस तपासणी होईल, मुदत पाच वर्षं. एका माणसाकडे आता दोनच हत्यारं राहू शकतात, हे रिव्हॉल्व्हरचा विचार करताना ध्यानात ठेवा. रात्री घरात कुणी शिरलं तर ती बारा बोअर कुठल्याही खिशातल्या पिस्तुलापेक्षा जास्त कामाची आहे. मात्र आधी बंदूकवाल्याकडे नेऊन नळ्या तपासून घ्या, आणि अण्णांच्या जुन्या काडतुसांचा डबा उघडा. कागदी टरफलं फुगली असतील, पितळेवर हिरवं चढलं असेल, तर ती उडवून बघायची नाहीत. परवाना सोबत घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जा आणि ती नष्ट करायला कुठे द्यायची ते विचारून, तशी पावती घेऊनच परत या.